मोबाइलच्या खोक्यावर दोन आकडे का असतात?

मोबाइल घ्यायला दुकानात गेले की खोक्यावर दोन आकडे दिसतात : ८ जीबी आणि १२८ जीबी. दोन्ही मेमरीचेच. मग एकच आकडा का लिहीत नाहीत? त्याच्या पाठोपाठ आणखी दोन प्रश्न येतात. १२८ जीबीतली निम्मी जागा मोकळी असतानाही फोन अडखळतो तो कशामुळे? आणि संगणकावर पत्र टाइप करताना वीज गेली तर ते पत्र जाते, पण काल जतन केलेले पत्र शाबूत राहते, ते कसे?

तिन्ही प्रश्नांचे मूळ एकच आहे. मागितलेली गोष्ट झटकन देणारी, भरपूर मावणारी, स्वस्त आणि वीज गेल्यावरही टिकणारी अशी एकच मेमरी माणसाला अजून बनवता आलेली नाही. यातले काही मिळवायचे तर काही सोडावे लागते. म्हणून प्रत्येक संगणकात वेगवेगळ्या गुणांच्या अनेक मेमरी एकत्र नांदतात. हे प्रकरण त्यांची एकेक करून ओळख करून देण्यासाठी आहे.

१. आधी मोजमाप

संगणकाची कोणतीही मेमरी म्हणजे असंख्य बारीक घरांची रचना. प्रत्येक घराच्या दोनच अवस्था असतात. त्यांना आपण ० आणि १ म्हणतो. अशा एका घरातल्या माहितीला बिट म्हणतात, आणि ८ बिट मिळून एक बाइट होतो.

इंग्रजी लिपीतले एक अक्षर साठवायला एक बाइट पुरतो. देवनागरीसाठी आज सर्रास वापरल्या जाणाऱ्या युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि काना, वेलांटी यांसारख्या खुणाही स्वतंत्र चिन्हे म्हणून मोजल्या जातात. ‘मराठी’ या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी ५ चिन्हे आहेत. म्हणजे हा शब्द १५ बाइट घेतो. पुस्तकाच्या एका पानावर १,५०० चिन्हे धरली तर एक पान साडेचार हजार बाइटचे, आणि ३०० पानांचे पुस्तक साडेतेरा लाख बाइटचे, म्हणजे सुमारे १.३५ एमबीचे होईल. मोबाइलवर काढलेला एक साधा फोटो बहुधा याहून जास्त जागा घेतो.

हजार बाइटचा केबी, हजार केबींचा एमबी, हजार एमबींचा जीबी. मात्र संगणक दोनाच्या पटीत मोजत असल्याने अनेक ठिकाणी हजाराऐवजी १,०२४ धरतात. ५१२ जीबीची डिस्क विंडोज चालणाऱ्या लॅपटॉपवर सुमारे ४७६ जीबी दिसते ती याच कारणाने. डिस्क बनवणारा हजाराने मोजतो, विंडोज १,०२४ ने. डिस्कमध्ये तुटवडा काही नसतो, मोजण्याची रीत वेगळी असते.

२. स्वयंपाकघराची मांडणी

आता मेमरींची उतरंड समजून घेण्यासाठी घरातल्या स्वयंपाकघराकडे पाहू. फोडणी देणाऱ्या माणसाच्या हातात त्या क्षणी एक-दोनच जिन्नस असतात. शेजारी मिसळणाचा डबा असतो. त्यात मोहरी, हळद, तिखट थोडे थोडे, पण हात लांब करताच मिळणारे. ओट्यावर आजच्या स्वयंपाकाला लागणारी चिरलेली भाजी, भिजवलेली डाळ, कणकेची परात असते. आणि वर्षाचे धान्य असते कोठीच्या खोलीत. तिथे जागा भरपूर, पण दरवेळी उठून जावे लागते.

संगणकात फोडणी देणारा म्हणजे प्रोसेसर. त्याच्या हातातले जिन्नस ते रजिस्टर, मिसळणाचा डबा म्हणजे कॅशे, ओटा म्हणजे रॅम आणि कोठी म्हणजे स्टोरेज. मोबाइलच्या खोक्यावरचे ८ जीबी हे ओट्याचे माप आहे, १२८ जीबी हे कोठीचे. कोठी कितीही मोकळी असली तरी ओटा लहान असेल तर काम तुंबते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर इथेच मिळते.

३. रॅम : कामापुरती आठवण

एखादे अॅप उघडले की ते स्टोरेजमधून उचलून रॅममध्ये आणले जाते, आणि प्रोसेसर ते रॅममधून वापरतो. टाइप होत असलेले पत्र, उघडे असलेले वेबपान, चालू असलेला खेळ हे सगळे रॅममध्ये असते. रॅमचा विशेष असा की तिच्यातल्या कोणत्याही घरापर्यंत थेट पोचता येते. शेवटचे घर वाचायला आधीची सगळी घरे ओलांडावी लागत नाहीत.

आजची रॅम ज्या कल्पनेवर उभी आहे ती आयबीएममधल्या रॉबर्ट डेनार्ड यांना १९६६ मध्ये सुचली. तिचे पेटंट त्यांना १९६८ मध्ये मिळाले. एका बिटसाठी फक्त एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर. कपॅसिटरमध्ये विद्युतभार असेल तर १, नसेल तर ०. ट्रान्झिस्टर त्या घराचे दार उघडतो आणि बंद करतो. इतकी साधी रचना असल्याने थोड्या जागेत अफाट घरे बसतात आणि किंमत खाली येते. या प्रकाराला डीरॅम म्हणतात.

पण कपॅसिटरमधला भार गळून जातो. म्हणून सर्वसाधारण डीरॅममधले प्रत्येक घर ६४ मिलिसेकंदांच्या आत, म्हणजे सेकंदाला पंधरा-सोळा वेळा, वाचून पुन्हा भरावे लागते. ८ जीबी रॅममध्ये अशी जवळजवळ ६,८७२ कोटी घरे असतात, आणि संगणक चालू असेपर्यंत त्या सगळ्यांची ही भरणी अखंड चाललेली असते. वीज गेली की भरणी थांबते आणि घरे रिकामी होतात. न जतन केलेले पत्र जाते ते असे.

१९७० मध्ये इंटेलने ‘११०३’ नावाची डीरॅम चिप बाजारात आणली. तिच्यात १,०२४ बिट मावत. आजची ८ जीबी रॅम तशा चिपांनी बनवायची तर ६ कोटी ७१ लाख चिपा लागल्या असत्या.

४. त्याआधी काय होते?

वीज गेली की रॅमने विसरलेच पाहिजे असा निसर्गनियम नाही. १९५०च्या आणि १९६०च्या दशकांत मुख्य मेमरी बनायची ती चुंबकीय कड्यांची. मोहरीच्या दाण्याएवढी फेराइटची कडी आणि त्यांतून ओवलेल्या तांब्याच्या तारा, अशी ती जाळी असे. कडे एका दिशेने चुंबकित झाले तर ०, उलट दिशेने झाले तर १. वीज बंद केली तरी ही कडी आपली दिशा सोडत नसत.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत बांधलेला, १९६० मध्ये कार्यान्वित झालेला टिफ्रॅक हा संगणक अशाच मेमरीवर चाले. रंगस्वामी नरसिंहन यांच्या नेतृत्वाखालच्या तरुण चमूने तो तयार केला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याचे नामकरण केले. त्याच्या मेमरीत ४० बिटांचे २,०४८ शब्द मावत. गुणाकार केला तर ८१,९२० बिट, म्हणजे १०,२४० बाइट. वर काढलेल्या हिशेबाने त्यात या पुस्तकाची जेमतेम सव्वादोन पाने बसतील. तेवढ्या जागेत तेव्हाचे शास्त्रज्ञ आपले गणित आणि त्याची आकडेवारी बसवत आणि खरे संशोधन करत.

कडी टिकाऊ होती, पण तारा ओवण्याचे काम हातांनी करावे लागे, आणि बिटामागे एक कडे लागेच. त्यामुळे किंमत एका मर्यादेखाली येईना. डीरॅम वीज गेल्यावर विसरते हे ठाऊक असूनही जगाने तिलाच पसंती दिली, कारण ती चिपवर छापल्यासारखी बनवता येते. इथे टिकाऊपणा सोडून स्वस्ताई आणि लहान आकार मिळवला गेला.

५. कॅशे : प्रोसेसरच्या हाताशी

रॅम आपल्याला वेगवान वाटते, पण प्रोसेसरच्या मानाने ती संथ आहे. आजचा प्रोसेसर एका नॅनोसेकंदात, म्हणजे सेकंदाच्या शंभर कोटीव्या भागात, अनेक आज्ञा पुऱ्या करतो. रॅममधून काही आणायला मात्र सुमारे १०० नॅनोसेकंद लागतात. अंतरालाही इथे किंमत आहे. एका नॅनोसेकंदात प्रकाशसुद्धा ३० सेंटीमीटरच जातो, आणि तारेतला संकेत त्याहून कमी. म्हणून अगदी लागणारी माहिती प्रोसेसरच्या चिपवरच ठेवतात. ती जागा म्हणजे कॅशे.

कॅशे बनते एसरॅमची. तिच्या एका बिटसाठी सहसा सहा ट्रान्झिस्टर लागतात. ते एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे पुन्हा पुन्हा भरणी करावी लागत नाही आणि उत्तर झटकन मिळते. पण सहा ट्रान्झिस्टरांमुळे जागा आणि खर्च वाढतो. म्हणून प्रोसेसरच्या सर्वांत जवळची पहिली कॅशे काही दशक केबींचीच असते. तिच्यामागे दुसरी आणि तिसरी पायरी असते, थोडी मोठी आणि थोडी संथ.

इतकी लहान जागा पुरते कशी? त्याचे कारण आपल्या कामाच्या स्वभावात आहे. आत्ता जे वापरले ते थोड्याच वेळात पुन्हा लागते, आणि जे वापरले त्याच्या शेजारचेही लागते. मिसळणाच्या डब्यात सात वाट्यांवर रोजचा स्वयंपाक भागतो तो यामुळेच.

एक छोटे उदाहरण घेऊ. समजा, हजारो विद्यार्थ्यांचे गुण ओळीने साठवले आहेत आणि त्यांची बेरीज करायची आहे. प्रत्येक आकडा ४ बाइटचा. प्रोसेसरने पहिला आकडा मागितला की रॅममधून तो एकटा येत नाही. बहुतेक प्रोसेसरांत सलग ६४ बाइट, म्हणजे १६ आकडे, एकदम कॅशेत येतात. त्यामुळे पहिल्या आकड्याला १०० नॅनोसेकंद लागले तरी पुढचे १५ आकडे कॅशेतून प्रत्येकी साधारण १ नॅनोसेकंदात मिळतात. १६ आकड्यांना एकूण ११५ नॅनोसेकंद, म्हणजे सरासरी सातच्या आसपास. शंभराचे सात झाले, आणि रॅम तीच आहे.

ही कल्पना केंब्रिजच्या मॉरिस विल्क्स यांनी १९६५ मध्ये एका छोट्या लेखात मांडली. १९६८ मध्ये आयबीएमने जाहीर केलेल्या सिस्टिम/३६० मालिकेतल्या ८५ क्रमांकाच्या संगणकात ती प्रत्यक्ष विक्रीच्या यंत्रात आली.

६. रॉम : सुरुवात कोण करून देते?

बटण दाबले त्या क्षणी रॅममध्ये कामाचे काहीच नसते. मग पहिली आज्ञा येते कुठून? त्यासाठी वीज गेली तरी न पुसणारी एक लहान मेमरी लागते. ती म्हणजे रॉम. तिच्यातल्या आज्ञा यंत्राचे भाग तपासतात आणि स्टोरेजमधली मुख्य प्रणाली रॅममध्ये आणायला सुरुवात करतात.

जुन्या रॉममध्ये मजकूर कारखान्यातच कायमचा घातला जाई. याचे सर्वांत चित्तवेधक उदाहरण चंद्रावर गेलेल्या अपोलो यानाच्या संगणकात होते. त्याचा कार्यक्रम अक्षरशः विणलेला होता. तार चुंबकीय कड्यातून गेली तर १, कड्याच्या बाहेरून गेली तर ०. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या वॉल्थम इथल्या कारखान्यात कुशल स्त्रिया हे काम करत. असे ३६,८६४ शब्द त्या मेमरीत होते. शिवाय बदलता येणाऱ्या मेमरीचे शब्द होते अवघे २,०४८. एकही तार चुकीच्या जागेवरून जाऊन चालणार नव्हते, आणि त्या हातांच्या अचूकपणावर माणसे चंद्रावर उतरून सुखरूप परत आली.

१९७१ मध्ये इंटेलमधल्या डोव्ह फ्रोमन यांनी अतिनील किरणांनी पुसून पुन्हा लिहिता येणारी रॉम तयार केली. आज त्या जागी फ्लॅश मेमरी असते, त्यामुळे यंत्र न उघडता तिच्यातला मजकूर बदलता येतो. मोबाइल किंवा लॅपटॉप अशा अपडेटच्या मध्यावर असेल तेव्हा तो बंद करू नये. सुरुवात करून देणारा मजकूर अर्धवट राहिला तर यंत्र सुरूच न होण्याचा धोका असतो.

७. स्टोरेज : फिरत्या तबकड्या आणि अडकवलेले इलेक्ट्रॉन

आता कोठीकडे येऊ. तिचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिला हार्ड डिस्क. फिरत्या तबकडीवर चुंबकीय लेप, आणि त्यावर अधांतरी सरकणारे वाचणारे-लिहिणारे टोक. १९५६ मध्ये आयबीएमने आणलेल्या पहिल्या हार्ड डिस्कमध्ये २४ इंची ५० तबकड्या होत्या, आणि सगळ्या मिळून ५० लाख अक्षरे मावत. आजची साधी डिस्क मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला १२०. एका फेऱ्याला सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती जागा टोकाखाली यायला सरासरी अर्धा फेरा, म्हणजे ४ मिलिसेकंद तरी थांबावे लागते. टोक सरकण्याचा वेळ वेगळा. यंत्राचा भाग हलवावा लागतो, म्हणून ही डिस्क संथ. पण जागेच्या मानाने ती स्वस्त पडते, त्यामुळे मोठ्या साठ्यांसाठी आजही वापरात आहे.

दुसरा प्रकार फ्लॅश मेमरी. मोबाइलचे स्टोरेज, पेनड्राइव्ह, मेमरी कार्ड आणि लॅपटॉपमधली एसएसडी ही सगळी याच कुळातली. तोशिबामधल्या फुजिओ मासुओका यांनी १९८४ मध्ये फ्लॅश आणि १९८७ मध्ये आज सर्वाधिक वापरला जाणारा तिचा नँड हा प्रकार जगापुढे मांडला. यात इलेक्ट्रॉन चारही बाजूंनी विद्युतरोधक थराने वेढलेल्या जागेत घुसवून अडकवतात. बाहेर पडायला वाट नसल्याने वीज गेली तरी ते तिथेच राहतात. तिसऱ्या प्रश्नातले कालचे पत्र राहिले ते यामुळे.

पण इथेही सोडावे लागतेच. इलेक्ट्रॉन आत घालताना आणि बाहेर काढताना तो थर झिजतो, म्हणून एकेक घर ठरावीक वेळाच पुसून लिहिता येते. शिवाय एकच घर वेगळे पुसता येत नाही, मोठा गट एकदम पुसावा लागतो. स्वस्ताईसाठी एका घरात एकाऐवजी तीन-चार बिट बसवतात. तीन बिटांसाठी विद्युतभाराच्या ८ पातळ्या ओळखाव्या लागतात, चारांसाठी १६. पातळ्या जितक्या जवळ, तितका झिजेचा परिणाम लवकर जाणवतो. एसएसडीतला नियंत्रक सगळ्या घरांवर लिखाण सारखे वाटत राहतो, म्हणून रोजच्या वापरात आपल्याला हे कळत नाही. मात्र पेनड्राइव्ह कपाटात टाकून वर्षानुवर्षे भरवसा ठेवणे योग्य नाही. वीज न मिळालेल्या फ्लॅशमधला भार हळूहळू गळू शकतो.

८. वेगातले अंतर किती?

नॅनोसेकंद आणि मिलिसेकंद यांतला फरक डोळ्यांपुढे येत नाही. म्हणून सगळे वेळ शंभर कोटी पट ताणून पाहू. म्हणजे एका नॅनोसेकंदाचा एक सेकंद होईल.

पहिली कॅशे : १ सेकंद.
रॅम : १०० सेकंद, म्हणजे १ मिनिट ४० सेकंद.
एसएसडी, १०० मायक्रोसेकंद धरले तर : जवळजवळ २८ तास.
हार्ड डिस्क, १० मिलिसेकंद धरले तर : सुमारे ११६ दिवस.

ओट्यावरची वाटी दीड-पावणेदोन मिनिटांत हाती येते, तर कोठीतून काही आणायला दिवस उलटतो. रॅम भरली की संगणक काही वेळा तिच्यातला बिनवापराचा भाग स्टोरेजमध्ये नेऊन ठेवतो आणि लागेल तेव्हा परत आणतो. ही युक्ती मँचेस्टरच्या १९६२ सालच्या ॲटलस संगणकात प्रथम आली. ती नसती तर काम बंदच पडले असते, हे खरे. पण वरची यादी पाहिली की फोन अडखळतो का, ते आपोआप कळते.

रॅमजवळचा वेग आणि स्टोरेजचा टिकाऊपणा एकत्र आणण्याचा मोठा प्रयत्न इंटेल आणि मायक्रॉन यांनी केला. २०१५ मध्ये त्यांनी नवी मेमरी जाहीर केली. इंटेलने ती ‘ऑप्टेन’ नावाने २०१७ मध्ये विकायला काढली आणि २०२२ मध्ये तो व्यवसाय गुंडाळत असल्याचे जाहीर केले. ती डीरॅमइतकी वेगवान नव्हती आणि फ्लॅशइतकी स्वस्तही नव्हती. चारही गुण एकत्र आणणे किती अवघड आहे हे त्यातून दिसते.

९. हे कळल्यावर काय करावे?

खरेदी करताना दोन्ही आकडे वेगवेगळे वाचा. एका वेळी अनेक अॅप उघडी ठेवत असाल, फोटो-व्हिडिओ संपादन करत असाल तर रॅम वाढवा. फोटो, गाणी, चित्रपट साठवायचे असतील तर स्टोरेज वाढवा. जुन्या लॅपटॉपमध्ये हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी एसएसडी बसवल्याने जो फरक पडतो, तो नवा प्रोसेसर घेऊनही अनेकदा पडत नाही.

जाहिरातीत ‘८ + ८ जीबी रॅम’ असे लिहिलेले असेल तर दुसरे ८ जीबी बहुधा स्टोरेजमधून उसने घेतलेले असतात. ती खरी रॅम नव्हे, तिच्यासाठी जास्त पैसे मोजू नका. रॅम रिकामी करून देण्याचे आश्वासन देणाऱ्या अॅपचीही गरज नाही. रॅम भरलेली असणे हा दोष नाही, ती वापरण्यासाठीच असते, आणि जागा कमी पडली की प्रणाली ती स्वतः मोकळी करते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, टिकणारी म्हणून जी मेमरी आपण वापरतो तीही अमर नाही. हार्ड डिस्कचे टोक बिघडते, फ्लॅशची घरे झिजतात, मोबाइल पाण्यात पडतो किंवा चोरीला जातो. आईवडिलांचे जुने फोटो, मुलांची प्रमाणपत्रे, जमिनीची कागदपत्रे, स्वतःचे लेखन यांपैकी जे पुन्हा मिळणार नाही त्याच्या निदान दोन प्रती दोन वेगळ्या साधनांवर ठेवा, त्यांतली एक घराबाहेर किंवा क्लाउडवर असू द्या, आणि वर्षातून एकदा दोन्ही उघडून पाहा. हे काम या आठवड्यातच उरकून टाका.